बूर्बाकीचा सिद्धांत आणि भर्तृहरीचे दोनशे श्लोक

मराठीच्या वर्गात दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे नाव निघते ते बहुधा इतिहासकार म्हणून. 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथातील पंढरीच्या वाटा, म्हसोबा-म्हातोबांची ठाणी, लोकदैवतांची स्थित्यंतरे यांचा संदर्भ आपण संतसाहित्य शिकवताना हमखास देतो. 'निवेदन'कार धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव म्हणूनही ते परिचित असतात. परंतु ते पेशाने गणिताचे प्राध्यापक होते, ही गोष्ट आपण एखाद्या चरित्रात्मक तपशिलासारखी सांगून पुढे जातो. जणू काही गणित हा त्यांचा चरितार्थ होता आणि इतिहास व पाठचिकित्सा हे त्यांचे खरे कार्य. प्रस्तुत लेखात या समजुतीला छेद देण्याचा प्रयत्न आहे. महाविद्यालयात शिकलेले अमूर्त गणित नेमके कोठे आणि कसे उपयोगी पडते, या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर आपल्या परिसरात कोठे असेल तर ते कोसंबींच्या कामात आहे. आणि त्या उत्तराचा साहित्याच्या अभ्यासाशी अगदी निकटचा संबंध आहे.

आधी पार्श्वभूमी पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्राच्या मनात गणितज्ञाची जी प्रतिमा ठसली ती 'रँग्लर'ची. १८९९ साली रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजच्या गणित परीक्षेत, म्हणजे तेथील 'ट्रायपॉस'मध्ये, सीनियर रँग्लर झाले. पहिल्या क्रमांकाचा हा मान त्यांना एका इंग्रज विद्यार्थ्यासह विभागून मिळाला होता, पण तो मिळवणारे ते पहिले भारतीय होते. त्यानंतर 'रँग्लर' हा शब्द मराठीत पदवीसारखा नावाआधी लागू लागला. ही परीक्षा म्हणजे एक प्रकारचा आखाडाच होता. ठरावीक वेळात अवघड उदाहरणे झपाट्याने सोडवण्यासाठी विद्यार्थी खासगी शिक्षकांकडे वर्षानुवर्षे तालीम करीत. युरोपात गणिताचे स्वरूप पालटत असताना केंब्रिज या तालमीत रमले होते. जी. एच. हार्डी यांनी या परीक्षापद्धतीवर कठोर टीका केली. १९०८ साली त्यांचे 'अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स' हे पदवी वर्गाचे पाठ्यपुस्तक निघाले, आणि १९०९ सालच्या परीक्षेनंतर गुणानुक्रम जाहीर करण्याची प्रथा बंद झाली. म्हणजे ज्या पहिल्या क्रमांकाचे आपल्याला एवढे अप्रूप, तो क्रमांक खुद्द केंब्रिजने दहा वर्षांत इतिहासजमा केला. आपल्याकडे मात्र गणित म्हणजे उदाहरणे चटकन सोडवण्याचे कौशल्य, ही कल्पना पुढे दीर्घकाळ टिकली. ती अजूनही पुरती गेली आहे, असे म्हणवत नाही.

युरोपात पालटले होते ते काय? एका वाक्यात सांगायचे तर, गणित वस्तूंकडून संबंधांकडे वळले होते. हे समजण्यासाठी साहित्याच्या विद्यार्थ्याला परके उदाहरण घेण्याची गरज नाही. मात्रावृत्तात लघूची एक मात्रा आणि गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती वेगवेगळ्या रचनांनी भरता येईल? ओळीच्या शेवटी लघु असेल तर आधी एक मात्रा कमी उरते. गुरू असेल तर दोन मात्रा कमी उरतात. म्हणून कोणत्याही मात्रासंख्येच्या रचना म्हणजे तिच्या आधीच्या दोन संख्यांच्या रचनांची बेरीज : १, २, ३, ५, ८, १३... हा नियम विरहांकाला ठाऊक होता आणि बाराव्या शतकात हेमचंद्राने तो स्पष्टपणे मांडला. १२०२ साली इटलीतील फिबोनाची सशांच्या जोड्यांची वाढ मोजताना याच संख्यांपाशी पोहोचला. वृत्ते आणि ससे यांच्यात काहीही साम्य नाही. साम्य आहे ते त्यांच्यातील घटकांच्या परस्परसंबंधांत. वृत्त बाजूला ठेवा, ससे बाजूला ठेवा, आणि उरलेल्या संबंधाचाच स्वतंत्रपणे विचार करा : अमूर्तीकरण म्हणतात ते हेच. एकोणिसाव्या शतकात समीकरणे, भूमितीय हालचाली आणि संख्या या तीन निरनिराळ्या प्रांतांत काम करणाऱ्यांच्या लक्षात आले की, आपण एकाच घडणीची रूपे पाहत आहोत. त्या घडणीला नाव मिळाले 'गट'. १९२० च्या दशकात जर्मनीत एमी नोएथर व एमिल आर्टिन यांनी आपल्या व्याख्यानांतून बीजगणिताची मांडणी या दृष्टीने केली आणि त्या व्याख्यानांच्या आधारे व्हान डर वार्डेन यांचे 'मॉडर्न अल्जेब्रा' हे पाठ्यपुस्तक १९३० व १९३१ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. अमूर्त बीजगणित पदवीच्या वर्गात आले ते प्रामुख्याने या पुस्तकाच्या वाटेने.

नेमक्या याच सुमारास, १९३१ साली, अलीगढला एक मजेशीर घटना घडली. अलीगढ मुस्लीम विद्यापीठात आंद्रे वेय हे अवघ्या पंचविशीच्या आतबाहेरचे फ्रेंच गणितज्ञ प्राध्यापक होते. पॅरिसला सिल्व्हाँ लेव्हींकडे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला होता आणि भगवद्गीतेची त्यांना ओढ होती. हार्वर्डहून १९२९ साली पदवी घेऊन परतलेले आणि बनारस हिंदू विद्यापीठात शिकवणारे तरुण कोसंबी वेय यांच्या बोलावण्यावरून अलीगढला आले. कोसंबींचे एका सहकाऱ्याशी बिनसले होते. वेय यांनी आपल्या आत्मकथनात सांगितल्याप्रमाणे, त्यांनी कोसंबींना एक खोडकर युक्ती सुचवली : एखाद्या अस्तित्वातच नसलेल्या गणितज्ञाच्या नावावर सिद्धांत खपवून शोधनिबंध लिहावा. त्याप्रमाणे संयुक्त प्रांताच्या विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत 'बूर्बाकीच्या दुसऱ्या सिद्धांताचे एक सामान्यीकरण' अशा अर्थाच्या शीर्षकाचा कोसंबींचा निबंध छापून आला. हा बूर्बाकी म्हणजे क्रांतीच्या काळात विषप्रयोगाने मेलेला रशियन गणितज्ञ, असा दाखलाही त्यात दिला होता.

नाव मात्र अगदीच हवेतून आले नव्हते. १८७०-७१ च्या युद्धात पराभूत झालेला बूर्बाकी नावाचा एक फ्रेंच सेनापती होता. १९२३ साली पॅरिसच्या एकोल नॉर्माल या संस्थेत राऊल हुसाँ नावाच्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्याने खोटी दाढी लावून नवागतांसमोर एक दुर्बोध व्याख्यान दिले आणि त्याचा शेवट 'बूर्बाकीच्या सिद्धांता'ने केला. त्या थट्टेची आठवण वेय यांच्या मनात होती. ती छापील गणितात प्रथम उतरली ती एका गोवेकर मराठी माणसाच्या लेखणीतून.

पुढचा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. वेय फ्रान्सला परतले आणि स्ट्रासबुर्गला शिकवू लागले. पदवीच्या विद्यार्थ्यांना कलनशास्त्र शिकवायला धड पाठ्यपुस्तक नाही, प्रचलित पुस्तक जुने झाले आहे, याची खंत त्यांना आणि त्यांचे सहकारी आंरी कार्ताँ यांना होती. डिसेंबर १९३४ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत काही तरुण गणितज्ञ जमले, ते एक नवे पाठ्यपुस्तक मिळून लिहायचे ठरवण्यासाठी. लेखक म्हणून त्यांनी कोणा एकाचे नाव घातले नाही. सामुदायिक टोपणनाव घेतले 'निकोला बूर्बाकी'. विसाव्या शतकातील गणितावर ज्या ग्रंथमालेचा खोल ठसा उमटला, ती जन्मली अशी, वर्गातल्या अडचणीतून. १९३९ पासून तिचे खंड निघू लागले. फ्रेंच भाषेत गणिताचे नाव एरवी अनेकवचनी असते. या मंडळींनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकात ते हेतुपुरस्सर एकवचनी केले. गणिते अनेक नसून गणित एकच आहे आणि त्याला जोडणारा धागा म्हणजे संरचना, हा त्यामागील आग्रह.

या आग्रहाचा अतिरेकही झाला, हे नोंदवलेच पाहिजे. बूर्बाकीच्या मांडणीत आकृत्यांना जवळजवळ थारा नव्हता, आणि ज्या उदाहरणांतून संकल्पना उगवल्या ती उदाहरणे मागे ढकलली गेली. १९६० च्या दशकात फ्रान्स, अमेरिका आदी देशांत 'नवे गणित' शाळांत आले. बेरीज-वजाबाकीची सवय होण्यापूर्वीच मुलांना संचांची भाषा शिकवली गेली आणि तो प्रयोग बऱ्याच अंशी फसला. ससे आणि वृत्ते दोन्ही ठाऊक असलेल्यालाच त्यांच्यामागील सारखेपणाचा आनंद होतो. ज्याने दोन्ही पाहिलेले नाहीत, त्याला ते नुसतेच सूत्र असते. अमूर्त हे पोहोचण्याचे ठिकाण आहे, निघण्याचे नव्हे. अध्यापकाने विद्यार्थ्याला तेथवर नेले पाहिजे आणि तेथून परत व्यवहारात आणूनही सोडले पाहिजे.

कोसंबींनी हा परतीचा प्रवास केला, आणि तो पुण्यात केला. १९३० च्या दशकाच्या प्रारंभी ते फर्ग्युसन महाविद्यालयात रुजू झाले आणि १९४५ पर्यंत तेथे गणित शिकवत राहिले. वडील धर्मानंद याच महाविद्यालयात १९१२ ते १९१८ या काळात पाली शिकवीत होते. या वर्षांतले दामोदर कोसंबींचे शुद्ध गणित होते मार्गांच्या भूमितीचे. एखाद्या अवकाशात अंतर मोजण्याची पट्टी आधी हाती नसताना, केवळ त्यातील मार्गांच्या वर्णनावरून त्याची घडण कितपत ओळखता येईल, असा तो प्रश्न. १९३३ साली या विषयावरचा त्यांचा निबंध एका मान्यवर जर्मन पत्रिकेत आला; एली कार्ताँ यांनी त्याला जोडून टिपण लिहिले. पुढे चिनी गणितज्ञ चर्न यांची भर पडून हा सिद्धांत कोसंबी-कार्ताँ-चर्न या नावाने ओळखला जाऊ लागला.

येथून ते वळले उपयोजनाकडे. १९४४ साली लंडनहून निघणाऱ्या 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स' या नियतकालिकात आनुवंशशास्त्रावरचा त्यांचा एक छोटा निबंध छापून आला. एकाच गुणसूत्रावरील दोन जनुके जितकी जवळ, तितकी ती पुढच्या पिढीत एकत्र जाण्याची शक्यता जास्त. त्यांची ताटातूट किती वेळा होते हे प्रयोगाने मोजता येते, आणि त्यावरून गुणसूत्राचा नकाशा काढता येतो. अडचण अशी की, अंतरांची बेरीज होते पण या प्रमाणांची होत नाही, कारण ताटातुटीचे प्रमाण निम्म्यापलीकडे जात नाही. पहिल्या व दुसऱ्या जनुकांत ०.३०, दुसऱ्या व तिसऱ्यांत ०.३०, म्हणून पहिल्या व तिसऱ्यांत ०.६० असे म्हणता येत नाही. कोसंबींच्या सूत्रानुसार दोन्ही प्रमाणांच्या बेरजेला, एक अधिक त्यांच्या गुणाकाराची चौपट, या संख्येने भागायचे. म्हणजे ०.६० भागिले १.३६, उत्तर सुमारे ०.४४.

आता यातील खरी मौज. आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादात दोन वेगांची बेरीज करण्याचा नियम नेमका याच घडणीचा आहे. तेथेही साधी बेरीज चालत नाही, कारण प्रकाशाच्या वेगाची मर्यादा ओलांडता येत नाही. त्या सूत्रात प्रकाशाच्या वेगाच्या जागी 'निम्मे' ही मर्यादा ठेवली की कोसंबींचे सूत्र हाती येते. फळमाशीची जनुके आणि प्रकाशकिरण यांचा काहीएक संबंध नाही. परंतु 'ओलांडता न येणारी मर्यादा असताना बेरीज कशी करावी' हा प्रश्न दोहोंकडे सामाईक आहे आणि त्याला दोहोंकडे सारख्याच घडणीचे उत्तर मिळाले आहे. ज्याला अमूर्त गणित नुसते पाठ नाही, अंगवळणी पडले आहे, त्याला अशी नाती दिसतात. 'कोसंबी फलन' आजही जनुकीय नकाशे तयार करणाऱ्या संगणकप्रणालींत वापरले जाते. १९४३ साली भारतीय गणित परिषदेच्या पत्रिकेत त्यांनी यादृच्छिक फलनांच्या पृथक्करणाची एक रीत मांडली. तीच रीत नंतर कारुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे मांडली आणि त्यांच्याच नावाने ती रूढ झाली. प्रतिमांचे संक्षेपण व चेहऱ्यांची ओळख यांत तिचा पुढे उपयोग झाला. पुण्यात बसून तो निबंध लिहिणाऱ्याला यांपैकी काहीच दिसणे शक्य नव्हते.

संख्याशास्त्राचा सराव व्हावा म्हणून त्यांनी प्रत्यक्षातला एक प्रश्न हाती घेतला : प्राचीन आहत नाण्यांचा. नाणे हातोहाती फिरते तसे झिजते. एकाच वेळी पाडलेल्या नाण्यांचे सरासरी वजन काळानुसार घटते आणि त्यांच्या वजनांतील तफावत वाढत जाते. कोसंबींनी तक्षशिलेच्या संचयांतील नाणी तोलली. झिजेचा नियम पडताळण्यासाठी चालू व्यवहारातली नाणीही तोलली. नाण्याच्या मागील बाजूवरील खुणा जितक्या अधिक तितके वजन कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे त्या खुणा वेळोवेळी झालेल्या तपासणीच्या असाव्यात. ज्या नाण्यांवर राजाचे नावही नाही, त्यांचा कालक्रम अशा रीतीने तराजूने बोलका केला. त्यांचे इतिहासलेखन सुरू होते ते येथून.

आणि येथूनच आपण साहित्याच्या प्रांतात येतो. भर्तृहरीची नीती, शृंगार आणि वैराग्य ही शतके मराठी वाचकाला वामनपंडितांच्या समश्लोकीमुळे जवळची. पण भर्तृहरीचे श्लोक नेमके कोणते? पोथीगणिक संख्या वेगळी, क्रम वेगळा, पाठ वेगळे. शिवाय कोणाचाही सुंदर श्लोक भर्तृहरीच्या नावावर चढवण्याची परंपरा. कोसंबींनी तीनशेहून अधिक हस्तलिखिते तपासली आणि १९४८ साली सिंघी जैन ग्रंथमालेत चिकित्सित आवृत्ती प्रसिद्ध केली. तीत एकूण ८५२ श्लोक तीन गटांत लावले आहेत. निरनिराळ्या पाठपरंपरांत सर्वसाधारणपणे समान असलेले पहिले २००; ज्यांचा आधार दुबळा असे पुढचे १५२; आणि तुरळक पोथ्यांतच सापडणारे उरलेले ५००. श्लोक चांगला की वाईट, भर्तृहरीला शोभतो की नाही, हा निकष येथे नाही. निकष एकच : परंपरा कितीही बदलल्या तरी न बदलता काय टिकते? अमूर्त गणिताचा विद्यार्थी हा प्रश्न ताबडतोब ओळखील. रूपांतरे होत असताना अचल काय राहते, याचा शोध हा त्याच्या शास्त्राचा गाभा आहे.

हा एकट्या कोसंबींचा विक्षिप्तपणा होता, असेही नाही. कोसंबींना पाठचिकित्सेची वाट दाखवणारे विष्णु सीताराम सुखटणकर हेही मूळचे गणिताचेच विद्यार्थी. केंब्रिजला गणित शिकून ते बर्लिनला संस्कृत विद्येकडे वळले आणि १९२५ पासून भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे प्रमुख संपादक झाले. १९३३ साली पूर्ण झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत त्यांनी मांडलेले मुख्य तत्त्व असे : परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या शाखा जेथे एकमत होतात, तेथे मूळ पाठ हाती लागल्याचे मानावे. 'स्वतंत्र' या शब्दावर सारा भार आहे. एकाच पोथीच्या पन्नास नकला म्हणजे पन्नास साक्षी नव्हेत, एकच साक्ष. पाठचिकित्सेचा हा पहिला धडा संभाव्यतेच्या शास्त्राचाही पहिला धडा आहे. पुण्यात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संस्कृत पाठचिकित्सेची जी दोन मोठी कामे झाली, ती दोन्ही गणितात घडलेल्या माणसांच्या हातून व्हावीत, हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही.

तरीही कोसंबींची कथा निव्वळ विजयकथा नाही. १९४६ साली ते टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. उत्तरायुष्यात रीमान यांच्या सुप्रसिद्ध गृहीतकाने त्यांना पछाडले. अविभाज्य संख्यांच्या वाटणीविषयीचा हा प्रश्न संभाव्यतेच्या मार्गाने सुटेल असे त्यांना वाटले, आणि १९५९ साली त्यांनी आपली मांडणी छापली, तीही कृषी-संख्याशास्त्राच्या पत्रिकेत. ती सिद्धता गणितज्ञांनी मान्य केली नाही. ते गृहीतक आजतागायत असिद्ध आहे. १९६२ साली टाटा संस्थेशी असलेला त्यांचा संबंध संपला आणि २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. नाण्यांच्या बाबतीत 'बहुतकरून असेच' हे उत्तर पुरेसे असते; इतिहासात त्याहून अधिक काही मिळतही नाही. शुद्ध गणितात 'बहुतकरून' याला किंमत नाही. एका प्रांतातील रीत दुसऱ्यात नेणे ही कोसंबींची मोठी शक्ती. तीच येथे त्यांना भोवली. साम्य दिसणे ही सुरुवात असते, ते कोठे संपते हे पाहणे तितकेच आवश्यक असते. अमूर्त गणित हेही शिकवते, आणि कधी कधी आपल्या उत्तम विद्यार्थ्यालाही कठोरपणे शिकवते.

हे सारे साहित्याच्या अध्यापकांनी आज का लक्षात घ्यावे? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे मुख्य विषयाबरोबर दुसऱ्या विद्याशाखेचे विषय घेण्याची वाट पदवीच्या विद्यार्थ्याला खुली झाली आहे. मराठीच्या विद्यार्थ्यापुढे गणित ठेवायचे झाल्यास, ते 'उपयोगी' असावे म्हणून शेकडेवारी, व्याज आणि स्पर्धापरीक्षेच्या युक्त्या एवढेच ठेवण्याचा मोह होईल. तसे झाले तर आपण रँग्लरच्या आखाड्याची एक दुबळी नक्कल करू. उपयोग आधी ठरवून दिलेले शिक्षण त्या उपयोगाबरोबर कालबाह्य होते. कोसंबी हार्वर्डला जे शिकले त्यावर 'जनुके', 'नाणी' किंवा 'भर्तृहरी' अशी चिठ्ठी लावलेली नव्हती. म्हणूनच ते तिन्ही ठिकाणी नेता आले. उलट बाजूने, आपल्या पाठचिकित्सेच्या आणि छंदःशास्त्राच्या तासांत केवढे गणित दडलेले आहे, हे आपणही विद्यार्थ्यांना सांगत नाही. 'ज्ञानेश्वरी'च्या पाठभेदांची चर्चा करताना कोणत्या पोथ्या एकमेकींपासून स्वतंत्र, एवढा एक प्रश्न नीट विचारला, तरी वर्गात खऱ्या अर्थाने गणित सुरू होईल. आणि त्यासाठी फळ्यावर एकही सूत्र लिहावे लागणार नाही.